खाशाबा जाधव : एका पदकाचा जमाखर्च

दिल्लीत यमुनेच्या काठी, इंद्रप्रस्थ परिसरात, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने इंदिरा गांधी क्रीडासंकुल उभे राहिले. पुढे २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा राजधानीत भरल्या, तेव्हा याच संकुलात कुस्तीसाठी एक नवे बंदिस्त क्रीडागृह बांधण्यात आले आणि त्याला खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. दिल्ली हे नावांचे शहर आहे. येथील रस्त्यांना बादशहांची, व्हाइसरॉयांची आणि पंतप्रधानांची नावे मिळाली, बदलली आणि पुन्हा मिळाली. या नावांच्या गर्दीत सातारा जिल्ह्यातील एका शेतकरी घरातील मल्लाचे नाव कसे येऊन बसले, हा प्रश्न तेथून जाणाऱ्या किती जणांच्या मनात येत असेल? तो यावा अशा योग्यतेचा मात्र तो निश्चित आहे. कारण खाशाबांची कहाणी ही केवळ एका पराक्रमी पुरुषाची कहाणी नव्हे; नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशाने पराक्रमाशी कसा व्यवहार केला, याचाही तो एक ताळेबंद आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले मल्ल. पाच मुलांतील हे शेंडेफळ. कृष्णा-कोयनेच्या त्या परिसरात गावाला देऊळ जितके आवश्यक, तितकीच तालीमही आवश्यक मानली जात असे. पहाटे उठून जोर-बैठका काढाव्यात, हौदातील तांबडी माती खोऱ्याने उकरावी, वस्तादांच्या पाया पडून लढतीस उभे राहावे आणि जत्रा आली की नारळापासून कड्यापर्यंत जे इनाम लागेल त्यासाठी शड्डू ठोकावा, हा त्या काळचा शिरस्ता होता. खाशाबा या शिरस्त्यातच वाढले. कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटला, तेव्हा भूमिगतांना आसरा देण्याच्या कामी या शाळकरी मुलानेही हातभार लावला, असे त्यांचे चरित्र सांगणारे आवर्जून नमूद करतात.

शालेय शिक्षण संपल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले, आणि येथेच त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. मल्ल आणि महाविद्यालय हे दोन शब्द त्या काळी सहसा एकत्र येत नसत. पैलवानकी हा पूर्ण वेळचा व्यवसाय होता. त्याला राजाश्रय लागे, खुराक लागे आणि वर्षानुवर्षांची साधना लागे. पाश्चात्य देशांत मात्र विद्यापीठे हीच खेळाडूंची खाण ठरली होती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाविद्यालयीन फुटबॉलपटूंची नावे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकू लागली होती, आणि कुस्तीही तेथील विद्यापीठांच्या आखाड्यातच वाढली. आपल्याकडे हा प्रकार नवा होता. खाशाबा हे आपल्या पहिल्या महाविद्यालयीन मल्लांपैकी एक होत, ही गोष्ट त्यांच्या कारकीर्दीचा विचार करताना दृष्टीआड करून चालत नाही.

त्यांच्या महाविद्यालयातील पहिल्या स्नेहसंमेलनाची एक हकिगत प्रसिद्ध आहे. कुस्तीच्या स्पर्धेत आपले नाव घालावे म्हणून खाशाबा क्रीडाशिक्षकांकडे गेले, तेव्हा त्यांची ठेंगणी व किरकोळ देहयष्टी पाहून शिक्षकांनी नकार दिला. खाशाबांनी थेट प्राचार्य खर्डेकरांकडे दाद मागितली. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि या मुलाने आपल्यापेक्षा अंगापिंडाने थोर असलेल्या गड्यांना एकामागून एक आस्मान दाखविले. त्या दिवसापासून प्राचार्यांचे आणि या विद्यार्थ्याचे जे नाते जुळले, त्याचे मोल पुढे चार वर्षांनी संपूर्ण देशाला कळावयाचे होते.

कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. शाहू छत्रपतींनी येथे मल्लविद्येला जो आश्रय दिला, त्याची साक्ष खासबागेचे गोलाकार मैदान आजही देत आहे. हजारो प्रेक्षकांना मधल्या हौदातील प्रत्येक डाव स्पष्ट दिसावा, अशी त्याची रचना आहे. परंतु या वैभवशाली परंपरेचे नियम निराळे होते. आपल्या मातीतील कुस्ती निकाली असे. प्रतिस्पर्धी चीतपट होईपर्यंत लढत चाले. मग त्याला दहा पळे लागोत की दोन घटका. अर्ध्या मिनिटाने कोण पुढे, कोणाचा किती गुणांनी वरचष्मा, ही भाषाच तेथे नव्हती. ऑलिंपिकमधील कुस्ती याच्या नेमकी उलट होती. ती गादीवर चाले, तिला घड्याळाची मर्यादा होती, आणि चीतपट झाली नाही तर पंच गुणांवर निकाल देत. मातीत पाय रोवून उभे राहण्याची सवय असलेल्या गड्याला गादीवर पाय ठरविणे कठीण जाई, आणि धीराने झुंज लांबविण्याची सवय असलेल्याला घड्याळ फसवीत असे.

याचा अनुभव मराठी मल्लांना पूर्वीही आला होता. १९२० मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने अँटवर्पच्या ऑलिंपिकला जे लहानसे भारतीय पथक गेले, त्यात रणधीर शिंदे हे मल्ल होते. त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पदक एका पायरीने हुकले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाच्या खर्चाचा भार उचलला. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. गादीवरची पहिली खरी तालीम म्हणावी अशी ती हीच. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर हा २२ वर्षांचा तरुण फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलो वजनाच्या गटात, ऑस्ट्रेलियन व अमेरिकन प्रतिस्पर्ध्यांना हरवून सहावा आला. इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्याची वाटचाल थांबली. गार्डनर यांना विशेष नवल वाटले असेल तर ते खाशाबांच्या ‘ढाके’चे. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत जखडून त्याला क्षणार्धात जमिनीवर आदळण्याचा हा डाव गोळेश्वरच्या मातीत शिकलेला होता; लंडनच्या गादीवरही तो तितकाच कामी आला.

सहाव्या क्रमांकाने खाशाबा समाधानी झाले नाहीत. पुढची चार वर्षे त्यांनी बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या देखरेखीखाली मेहनत केली आणि वजनाचा गट बदलून ते बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोच्या गटात, आले. परंतु मैदानातील मेहनत ही अर्धीच लढाई होती. १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत भरल्या, तेव्हा त्यांत कुस्तीचा समावेशच नव्हता. म्हणजे ज्या देशात मल्लविद्येची परंपरा सर्वात जुनी, त्या देशाच्या राजधानीत मल्लांना आपले बळ आशियाला दाखविण्याची संधी मिळाली नाही. त्यानंतर हेलसिंकीसाठी निवड करण्याची वेळ आली, तेव्हा मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेतील गुणदानात आपल्यावर अन्याय झाला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी ती ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्यापर्यंत नेली. महाराजांच्या सांगण्यावरून कलकत्त्याच्या निरंजन दास यांच्याशी पुन्हा चाचणी-लढत ठरविण्यात आली, आणि ती खाशाबांनी निर्विवाद जिंकली, असा वृत्तांत सांगितला जातो. निवडीचा प्रश्न सुटला. उरला तो पैशाचा.

हा पैशाचा प्रश्न म्हणजे या कहाणीचे मर्म होय. खाशाबांना देशाच्या वतीने खेळावयाचे होते. पण देशाच्या खजिन्यातून खर्च मिळण्याची व्यवस्था नव्हती. तेव्हा या मल्लाने स्वतः झोळी घेतली. कराड आणि आसपासची गावे त्याने पालथी घातली. कोणी रुपया दिला, कोणी दहा दिले. गावकऱ्यांनी ज्याला जे जमेल ते दिले. तरीही रक्कम पुरेना. अशा वेळी प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ साली प्राध्यापकाच्या मिळकतीच्या मानाने ही रक्कम किती मोठी होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याच्या ढाकेवर स्वतःचे छप्पर पणाला लावले, एवढे म्हटले तरी पुरे.

हेलसिंकीला खाशाबांच्या लढती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाल्या. त्यांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला नमविले. त्या वेळच्या पद्धतीनुसार प्रत्येक लढतीच्या निकालाप्रमाणे मल्लाच्या खात्यावर दोषगुण जमा होत. ते ठराविक मर्यादेपर्यंत साचले की तो बाद होई. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत एकेका गुणाला सोन्याचे मोल येत असे. जपानच्या शोहाची इशी याच्याशी खाशाबांची प्रदीर्घ लढत झाली. मातीतील कुस्तीची सवय असलेल्या या मल्लाने शेवटपर्यंत कच खाल्ली नाही. पण निकाल गुणांवर झाला, आणि तो जपानी मल्लाच्या बाजूने गेला. सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्धच्या लढतीतही त्यांना हार पत्करावी लागली. दोन लढतींच्या मध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळावयास हवी होती, ती मिळाली नाही. आणि तिची मागणी करण्यासाठी एकही भारतीय अधिकारी आखाड्याजवळ नव्हता, असे नंतरच्या वृत्तांतांत पुनःपुन्हा नमूद झालेले आहे. थकलेला मल्ल एकटाच उभा राहिला आणि हरला. तरीही २३ जुलै १९५२ रोजी त्याच्या गळ्यात कांस्यपदक पडले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात केशव माणगावे हे कोल्हापूरचेच मल्ल चौथे आले, हेही विसरून चालणार नाही. एकाच नगरीच्या दोन मल्लांनी जगातील अग्रगण्य मल्लांशी एका पायरीच्या अंतराने झुंज दिली.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव केला. बलबीरसिंग यांनी एकट्याने पाच गोल केले. साहजिकच देशभर या सुवर्णपदकाचा जयजयकार झाला, आणि त्या प्रकाशात कांस्यपदकाची आभा फिकी पडली. सातारा जिल्ह्याने मात्र आपल्या मुलाचे स्वागत आपल्या पद्धतीने केले. कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट, पण त्या दिवशी ती चालायला सात तास लागले, असे सांगतात. आणि मिरवणुकीहून अधिक शोभून दिसावे असे एक काम खाशाबांनी नंतर केले. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, त्यांतून मिळालेला पैसा जमा केला आणि प्राचार्य खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. सरकारने न घेतलेल्या जबाबदारीचा हिशेब एका गरीब मल्लाने चोख चुकता केला.

येथपर्यंतची कहाणी अनेकांना ठाऊक आहे. तिच्या पुढचा भाग मात्र जास्त विचार करावयास लावणारा आहे. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या क्रीडास्पर्धांत ते भाग घेत राहिले. तरुण शिपायांना शिकविण्याचे कामही त्यांनी केले. परंतु ज्या मल्लाने गादीवरील कुस्तीचे तंत्र स्वतःच्या अंगावर शिकून घेतले होते, त्याला देशातील मल्लांसाठी प्रशिक्षक म्हणून वापरावे, अशी व्यवस्था कोणीही केली नाही. १९५४ मध्ये अखिल भारतीय क्रीडा परिषद स्थापन झाली, १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. पण हेलसिंकीच्या या विजेत्याचा अनुभव कोणत्याही संस्थेत साठविला गेला नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या मशाल दौडीत त्यांना सामील करून घेण्यात आले, एवढाच काय तो राजधानीने त्यांच्या हयातीत केलेला गौरव. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिकवीर काळाच्या पडद्याआड गेला.

याउलट, ज्या इशीने खाशाबांना हरविले, त्याच्या देशाने काय केले? इशी मूळचा ज्युदोपटू. युद्धानंतर व्यापलेल्या जपानात ज्युदोवर निर्बंध आले, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. देशी विद्येच्या बळावर गादीवर यश मिळविणारा मल्ल या नात्याने त्याची आणि खाशाबांची कहाणी जुळी भावंडे शोभावी अशीच आहे. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होते. परंतु जपानी कुस्ती संघटनेने त्या एका पदकावर समाधान मानले नाही. महाविद्यालयांतून मल्ल निवडले गेले, परदेशी स्पर्धांत त्यांना नेमाने पाठविण्यात आले आणि शिक्षणाची शिस्तबद्ध घडी बसविण्यात आली. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक भरले, तेव्हा जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदके जिंकली. त्यांतील एक होते ५७ किलो वजनाच्या गटातील, खाशाबांच्याच गटातील. ते जिंकणारा योजिरो उएताके याने अमेरिकेतील विद्यापीठात कुस्तीचे शिक्षण घेतले होते. एकाच गादीवरून उतरलेल्या दोन मल्लांपैकी एकाच्या मागून बारा वर्षांत पाच विजेते उभे राहिले, आणि दुसऱ्याच्या मागे रिकामी वाट पडून राहिली.

ही वाट किती रिकामी होती, याचे उत्तर आकडेच देतात. भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ मध्ये अटलांटा येथे लिएंडर पेस याने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. कुस्तीतील दुसरे पदक मिळण्यास तर ५६ वर्षे वाट पाहावी लागली. ते मिळवून दिले २००८ मध्ये बीजिंग येथे दिल्लीच्या नजफगढ भागातील सुशीलकुमारने. छत्रसाल स्टेडियममध्ये सतपाल या मल्लाच्या हाताखाली त्याने तयारी केली होती. आणि सतपाल हे दिल्लीच्या बिर्ला मिलच्या व्यायामशाळेतील गुरू हनुमानांचे शिष्य. तेव्हा हेलसिंकीनंतरच्या पदकाची वाट दिल्लीच्या एका आखाड्यातून गेली, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्यांनी वस्तादांची परंपरा जपून तिला गादीची जोड दिली, त्यांना यश मिळाले. खाशाबांनी हेच जोडकाम अर्धशतक आधी, एकट्याने आणि स्वतःच्या खर्चाने करून दाखविले होते. त्यांच्या मागे शिष्यांची रांग नव्हती. कारण ती उभी करण्याचे काम कोणी त्यांच्याकडे सोपविलेच नाही.

मरणोत्तर सन्मान मात्र एकामागून एक आले. महाराष्ट्र राज्याने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. भारत सरकारने २००० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर केला. हे पारितोषिक १९६१ पासून दिले जात होते, हे लक्षात घेता हा विलंब सहज नजरेत भरतो. २०१० मध्ये दिल्लीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव मिळाले. महाराष्ट्राने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला. या सर्वांत समाधान मानण्यासारखे खूप आहे. पण दुसरीकडे, गोळेश्वरला कुस्ती संकुल उभारण्याचे आश्वासन लांबणीवर पडत गेले, तेव्हा २०१७ मध्ये कुटुंबीयांनी ते हेलसिंकीचे पदकच लिलावात काढून त्या पैशातून काम सुरू करण्याची भाषा केली. ज्या पदकासाठी एकदा घर गहाण पडले, ते पदकच विकण्याची वेळ यावी, यापरता बोलका हिशेब कोणता असेल?

२०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि मध्ये गेली तब्बल ७२ वर्षे. पदकाचे पीक एका चांगल्या पावसाने येत नाही. त्याला नांगरणी, बी आणि राखण तिन्ही लागतात. खाशाबांच्या वाट्याला फक्त पाऊस आला, तोही गावकऱ्यांच्या आणि प्राचार्यांच्या ओंजळीतून. एवढ्या ओलाव्यावर त्यांनी जे पिकविले ते अद्भुत होते. परंतु त्याच्या बियाण्याची पेरणी करावयाची होती ती राज्यसंस्थेने, समाजाने आणि क्रीडासंघटनांनी. तिघांनीही ती दुसऱ्यावर ढकलली.

म्हणून यमुनेकाठच्या त्या क्रीडागृहावरील नाव वाचताना नुसता अभिमान वाटणे पुरेसे नाही. नाव देणे सोपे असते. त्या नावामागचे कर्ज जाणून ते फेडणे कठीण असते. १९५२ मध्ये एका मल्लाने आपल्यावरचे कर्ज फडांच्या कमाईतून फेडले. राष्ट्रावरचे कर्ज गावोगावच्या आखाड्यांत, चांगल्या गादीच्या आणि जाणत्या वस्तादाच्या रूपाने फेडले जाईल, तेव्हाच त्या पदकाचा जमाखर्च खऱ्या अर्थाने जुळेल.